डॉ. बाबासाहेब आंबेडकर : नोकरी गेल्यानंतरचे वर्ष



डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीला विद्यार्थी भाषणे करतात. जन्म महू येथे, उच्च शिक्षण अमेरिकेत व इंग्लंडात, महाडचे चवदार तळे, भारताची राज्यघटना, असा त्या भाषणांचा क्रम ठरलेला असतो. क्रम बरोबरच आहे. परंतु विलायतेहून परत येणे आणि मुंबईत प्राध्यापक होणे, या दोहोंच्या मध्ये सव्वा वर्षाचा काळ आहे. भाषणात तो एका वाक्यात संपतो, किंवा येतच नाही. या काळात बाबासाहेबांची नोकरी गेली होती. देशात महागाई होती, जगात महायुद्ध चालू होते आणि अमेरिकेत शिकून आलेला हा तरुण मुंबईत काम शोधत फिरत होता.

या अंकात आम्ही त्यांच्या चरित्राचा हाच भाग सांगणार आहोत. त्याला कारण आहे. आपल्या मैलूर परिसरातील आणि बिदर-कलबुर्गी भागातील किती तरी घरे पुणे, मुंबई व हैदराबाद येथील कामावर चालतात. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांचे काम सुटले आणि माणसे गावी परतली. पुष्कळांना पूर्वीचे काम पुन्हा मिळाले नाही. अशा घरांतील मुले आपल्या वर्गांत बसतात. बाबासाहेबांच्या जीवनातील हा अध्याय त्यांच्या उपयोगाचा आहे, असे आम्हांस वाटते.

दुष्काळी कामावरचे वडील

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. आजोबांनीही लष्करातच नोकरी केली होती. त्या काळी महार समाजाला गावात व्यापार नव्हता आणि शाळेचा दरवाजा बंद होता. लष्कर हे असे ठिकाण होते, जेथे नियमित पगार, निवृत्तिवेतन आणि मुलांना शिक्षण मिळत असे. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. एका संपूर्ण समाजाच्या रोजगाराचा हा मार्ग होता. सरकारी धोरण बदलले आणि तो मार्ग खुंटला. यात त्या लोकांचा कोणताही अपराध नव्हता.

रामजींनी निवृत्तीनंतर पुन्हा काम शोधले. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे त्यांना रोखपालाची जागा मिळाली. हे काम कशाचे होते, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्यास घेतला होता. त्या मजुरीचा हिशेब रामजींकडे होता. आपल्या भागातील वडीलधाऱ्या मंडळींना १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची व मातीची कामे आठवत असतील. त्याच प्रकारचे हे काम होते.

१९०१ मध्ये भीमराव आपल्या भावंडांसह वडिलांना भेटण्यासाठी रेल्वेने मसूर स्थानकावर उतरले. मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतःच हाकून मुले निघाली. खिशात भाडे असूनही गाडी मिळत नाही, हे त्यांनी तेव्हा पाहिले. पुढे नोकरीच्या बाबतीत हेच त्यांच्या वाट्याला आले.

बडोद्याची नोकरी

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यानंतर भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. केले, पुढे प्रबंध लिहिला आणि १९१६ मध्ये लंडनला जाऊन अर्थशास्त्र व कायदा या दोन्ही अभ्यासांना प्रारंभ केला. शिष्यवृत्तीच्या करारात एक अट होती. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करावयाची. म्हणजे नोकरी आधीच ठरलेली होती.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करण्याची मुभा दिली आणि ऑगस्ट १९१७ मध्ये बाबासाहेब मुंबईत उतरले. त्यांची पुस्तके दुसऱ्या जहाजाने येत होती. युद्धात ते जहाज पाणतीराने बुडविले गेले आणि पुस्तकेही बुडाली. त्या सामानाची जी भरपाई मिळाली, त्यातूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागला.

बडोद्यात त्यांना सुरुवातीस अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात उमेदवारीवर नेमले गेले. पुढे त्यांच्याकडे अर्थखात्याची मोठी जबाबदारी सोपवावी, असा महाराजांचा विचार होता. परंतु महाराजांचा विचार कार्यालयातील शिपायापर्यंत पोहोचला नव्हता. शिपाई फायली दुरून टेबलावर टाकीत. त्याहून बिकट प्रश्न राहण्याचा होता. शहरात कोणीही घर देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया भाड्याने, पारशी नाव लावून ते राहू लागले. अकराव्या दिवशी सकाळी ते कार्यालयास निघाले असता हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून वर आले. त्यांनी जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करण्यास बजावले. बाबासाहेबांनी आठ दिवसांची मुदत मागितली. ती मिळाली नाही.

त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होते, दुसरे ख्रिस्ती. दोघेही सुशिक्षित. दोघांनीही घरात अडचण असल्याचे सांगून नकार दिला. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बाग या सार्वजनिक बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने बडोदा सोडले. नोकरी सुटली ती अशी. कामात उणीव निघाली नव्हती. योग्यतेविषयी शंका नव्हती. त्या शहरात रात्री अंग टाकण्यास जागा नव्हती, म्हणून नोकरी गेली.

महागाईची मुंबई

बाबासाहेब परत आले, त्या वेळची मुंबई कशी होती? महायुद्धाचे ते चौथे वर्ष होते. कापड, रॉकेल, धान्य, सर्वच महाग झाले होते. पुढे १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. पगार असलेल्या घरांचीही त्रेधा उडाली होती, मग ज्या घरात पगारच नव्हता त्याची कथा काय सांगावी! बाबासाहेब सव्वीस वर्षांचे होते. परळच्या चाळीत पत्नी रमाबाई, मुलगा यशवंत आणि नात्यातील माणसे होती. शिकून आलेल्या साहेबाकडे सर्वांचे डोळे लागले होते.

विद्यार्थी मित्रांनो, आता बाबासाहेबांनी काय केले, ते नीट पाहा. मोठी जागा मिळेपर्यंत ते थांबले नाहीत. प्रथम त्यांनी शिकवणी धरली. दोन विद्यार्थ्यांना घरी शिकवून थोडे पैसे मिळू लागले. एका पारशी गृहस्थाचा पत्रव्यवहार व हिशेब सांभाळण्याचे कामही त्यांनी केले. कोलंबियाच्या पदवीधराने दुसऱ्याच्या वह्या लिहाव्यात, यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

मग त्यांनी स्वतःचा व्यवसाय काढून पाहिला. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना आर्थिक सल्ला देण्याची त्यांची पेढी होती. अर्थशास्त्र हा तर त्यांचा विषय. सुरुवातीला माणसे आली, काम चालू लागले. परंतु सल्लागार कोणत्या जातीचे आहेत ही बातमी पसरली आणि लोकांनी पाठ फिरविली. पेढी बंद करावी लागली. बडोद्यात घर मिळाले नाही म्हणून नोकरी गेली होती, मुंबईत जात कळली म्हणून धंदा गेला.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. धर्मशाळेतून ज्यांनी त्यांना बाहेर काढले ते पारशी होते. ज्यांनी हिशेबाचे काम दिले तेही पारशी होते, आणि कोलंबियापासूनचे त्यांचे मित्र नवल भथेना, जे पुढे अडीअडचणीला पैसे घेऊन उभे राहिले, तेही पारशीच होते. एका घटनेवरून संपूर्ण समाजाला चांगले किंवा वाईट ठरवू नये, हे बाबासाहेबांच्या चरित्रातून आपोआप कळते.

रिकाम्या हातांचा अभ्यास

आम्हांस या काळातील सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. शिकवण्या आणि हिशेबाच्या वह्या चालू असतानाच बाबासाहेब लेखन करीत होते. १९१८ मध्ये इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता हिंदुस्थानातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय.

जमिनीचे तुकडे फार झाले आहेत, म्हणून शेती परवडत नाही, ते तुकडे एकत्र करावेत, असे त्या काळचे बरेच जाणकार सांगत होते. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा करून पाहिला. जमीन लहान की मोठी हे केवळ बिघ्यांवर ठरत नाही. तिच्यावर किती भांडवल, किती अवजारे, किती बैल आणि किती माणसे आहेत, यावर ठरते. आपल्याकडे अवजारे कमी आणि माणसे जास्त आहेत. दोघांचे काम असलेल्या शेतावर पाच जण राबताना दिसतात. वरवर पाहता सर्वांना काम आहे, प्रत्यक्षात तिघे रिकामेच आहेत. त्यांचे खाणे त्याच शेतातून निघते, म्हणून बचत होत नाही आणि बचत नाही म्हणून भांडवल उभे राहत नाही. यावर उपाय म्हणजे शेतीवरच्या जादा माणसांना दुसरे काम मिळाले पाहिजे, देशात उद्योग वाढले पाहिजेत. हे त्यांच्या मांडणीचे सार आहे. पुढे अनेक वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी अशा बेरोजगारीला छुपी बेकारी असे नाव दिले. आपले दहावीचे विद्यार्थी हा शब्द पाठ करतात.

लिहिणाऱ्याची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. ज्याला स्वतःला पक्के काम नाही, तो देशातील कोट्यवधी रिकाम्या हातांचा विचार करीत आहे. अशा वेळी माणूस दोन प्रकारे कोलमडतो. एक तर स्वतःला दोष देत बसतो, नाहीतर जगाला शिव्या देत बसतो. बाबासाहेबांनी यांपैकी काहीच केले नाही. काम का मिळत नाही, याची कारणे माणसाच्या नशिबात शोधण्याऐवजी त्यांनी ती जमिनीत, भांडवलात आणि समाजव्यवस्थेत शोधली. आजार कळला तर औषध सापडते. या लेखातून आम्हांस काही एक सांगावयाचे असेल तर ते हेच.

सिडनॅम कॉलेज आणि पुन्हा लंडन

मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा निघाली. बाबासाहेबांनी अर्ज केला. ज्यांच्या नावाने ते कॉलेज होते, ते मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनॅम यांच्याशी लंडनमध्ये त्यांचा परिचय झाला होता. त्यांच्या शिफारशीचाही उपयोग झाला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते रुजू झाले. पगार दरमहा ४५० रुपये होता.

आरंभी काही विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. हा काय शिकविणार, अशी भावना होती. परंतु तयारी इतकी पक्की होती की, थोड्याच दिवसांत इतर कॉलेजांचे विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. शिक्षकांच्या खोलीतील पाण्याच्या माठाला मात्र त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. प्राध्यापकाची खुर्ची मिळाली तरी पेला मिळाला नव्हता.

साडेचारशे रुपये त्या काळी मोठी रक्कम होती. चाळ सोडून बंगल्यात जाणे शक्य होते. ते गेले नाहीत. घरखर्चापुरते पैसे रमाबाईंच्या हाती देऊन उरलेले ते लंडनसाठी साठवू लागले. त्या थोडक्या पैशांत रमाबाईंनी संसार कसा चालविला असेल, हे आपल्या माता-भगिनींना सांगावे लागणार नाही. चरित्रात हिशेब बाबासाहेबांचा लिहिला जातो. काटकसर रमाबाईंची होती.

३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी मूकनायक हे पत्र सुरू केले. मार्च १९२० मध्ये त्यांनी प्राध्यापकपद स्वतःहून सोडले आणि स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. अर्धा राहिलेला अभ्यास त्यांनी चार वर्षांच्या मुदतीत हाती घेतला, बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्‌सी. ही पदवी मिळविली. जी वाट १९१७ मध्ये तुटली होती, तेथूनच त्यांनी पुन्हा चालण्यास सुरुवात केली.

परत आल्यावरही सर्व सुरळीत झाले असे नाही. वकिली सुरू केली, पण पक्षकार येईनात. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी उत्पन्नाला जोड दिली. एकीकडे तास, दुसरीकडे कोर्ट, आणि त्याच वर्षांत, १९२७ मध्ये, महाडचा सत्याग्रह.

दुसऱ्यांच्या कामाची काळजी

ज्याने स्वतः काम शोधले, त्याने पुढे दुसऱ्यांच्या कामाची काय सोय केली, हेही पाहिले पाहिजे. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. भूमिहीन व बेरोजगार यांच्यासाठी सार्वजनिक कामे काढावीत, ही गोष्ट त्या पक्षाच्या कार्यक्रमात होती. वडिलांच्या तलावाची येथे आठवण होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिची पहिली पलटण बेळगाव येथे तयार झाली. लष्कराचा जो दरवाजा त्यांच्या वडिलांच्या पिढीवर बंद झाला होता, तो उघडावा म्हणून बाबासाहेबांनी सरकारकडे सतत आग्रह धरला होता.

जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा लाखो सैनिक व युद्धकारखान्यांतील कामगार बेकार होणार हे उघड होते. १९४५ मध्ये मजूर खात्याच्या अधिकाराखाली देशात सरकारी रोजगार विनिमय केंद्रे सुरू झाली. आपल्याकडील अनेक पालकांनी ज्या कार्यालयात एकेकाळी नाव नोंदविले, त्याची सुरुवात ही आहे.

राज्यघटनेत सरकारी नोकरीतील समान संधी कलम १६ मध्ये आली, अस्पृश्यता कलम १७ ने नष्ट केली. कलम ४१ मध्ये कामाचा अधिकार आणि बेरोजगारीच्या काळात सरकारी साहाय्य यांचा उल्लेख आहे. हे कलम न्यायालयात जाऊन मागता येत नाही, ती राज्यकर्त्यांना दिलेली दिशा आहे. त्याच दिशेने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा देशभरासाठी झाला.

आपल्या भागाशी त्यांचा संबंध शिक्षणातून आला. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय काढले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्या वेळी औरंगाबाद, बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी रचना झाली. त्यानंतर सव्वा महिन्याने, ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे बाबासाहेबांचे निधन झाले.

शेवटी चार शब्द

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की, पुढील जयंतीच्या भाषणात १९१७-१८ या वर्षाला चार वाक्ये तरी द्या. अपयशाच्या काळात बाबासाहेबांनी वाचन सोडले नाही, एवढेच सांगून थांबू नका. त्यांना काम का मिळाले नाही, तेही स्पष्ट सांगा.

पालकांना एक विनंती. प्रवेश अर्जात पालकांच्या व्यवसायाचा रकाना असतो. काम सुटलेले पालक तो कोरा ठेवतात, किंवा जुनेच काम लिहितात. संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांचे छायाचित्र आपल्या भिंतीवर आहे, त्यांनाही एके काळी या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न पडला असता. मुलांपासूनही ही गोष्ट लपवू नका. घरात काय चालले आहे ते मुलांना कळतच असते. ते आपल्या तोंडून कळले तर त्यांची भीती कमी होते.

आणि विश्वस्त मंडळींनी विचार करावा असे आम्हांस वाटते की, ज्या घरातील काम सुटले असेल त्या घराला त्या वर्षाची फी हप्त्याने भरण्याची सवलत असावी, आणि त्यासाठी वर्गासमोर उभे राहण्याची पाळी मुलावर येऊ नये. बाबासाहेबांचे शिक्षण शिष्यवृत्तीवर सुरू झाले आणि मित्राच्या कर्जावर पूर्ण झाले. कोणाची तरी मदत वेळेवर पोहोचली, म्हणून ते पुढे जाऊ शकले. आपल्या शाळेतील मुलांपर्यंतही ती वेळेवर पोहोचावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.